कौटुंबिक न्यायालय आणि वकिलाविना उभा राहणारा पक्षकार : एक विवेचन

प्रस्तावना :
विवाह, पोटगी व अपत्यांचा ताबा यांविषयीचे वाद नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या साच्यात घातले की पती-पत्नी केवळ वादी व प्रतिवादी एवढेच उरतात. या अनुभवातून 'कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४' संमत झाला. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे १९८९ मध्ये अशी न्यायालये सुरू झाली. पक्षकाराने स्वतःची बाजू स्वतः मांडावी, ही या न्यायालयाची मूळ कल्पना होय. ही कल्पना सामान्य पक्षकारास कोठे साहाय्यभूत ठरते आणि कोठे अपुरी पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायद्याची भूमिका :
अधिनियमाच्या कलम १३ नुसार कोणत्याही पक्षकारास वकिलामार्फत उभे राहण्याचा हक्क म्हणून दावा करता येत नाही. मात्र न्यायहितासाठी आवश्यक वाटल्यास न्यायालय विधिज्ञास न्यायमित्र म्हणून पाचारण करू शकते. या कलमाचा अर्थ वकिलांवर सरसकट बंदी असा होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले. प्रकरणातील प्रश्न गुंतागुंतीचे असतील, किंवा पक्षकारास स्वतःचे प्रकरण नीट चालवता येणार नाही असे दिसत असेल, तर न्यायालय वकिलास परवानगी देते. प्रत्यक्षात या न्यायालयांत वकील नित्य उभे राहतात. त्यामुळे एकट्याने उभ्या राहिलेल्या पक्षकारासमोर अनुभवी वकील असण्याचा प्रसंग वारंवार येतो.

प्रक्रियेतील सवलती :
ही विषमता कमी करणाऱ्या काही तरतुदी अधिनियमातच आहेत. कलम ९ नुसार प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे व त्यासाठी समुपदेशकांची योजना आहे. कलम १४ नुसार वादाच्या निर्णयास उपयुक्त वाटणारा कोणताही दस्तऐवज वा माहिती, पुरावा कायद्याच्या काटेकोर कसोटीस उतरत नसली तरी, न्यायालय स्वीकारू शकते. कलम १५ नुसार साक्षीचा शब्दशः वृत्तांत न घेता तिचा सारांश नोंदवला जातो व त्यावर साक्षीदाराची सही घेतली जाते. सारांशात एखादे महत्त्वाचे वाक्य निसटले तर पुढे अपिलात ते सापडत नाही. म्हणून सहीपूर्वी तो वाचणे व चूक त्याच वेळी निदर्शनास आणणे अगत्याचे आहे.

प्रत्यक्ष कामकाज :
उदाहरणादाखल पोटगीचा अर्ज घेता येईल. पतीचे दुकान आहे, परंतु उत्पन्न नाममात्र असल्याचे तो सांगतो. अशा वेळी पत्नीने न्यायालयात आपली व्यथा कितीही कळकळीने सांगितली, तरी तेवढ्याने रक्कम ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मधील निर्णयात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वे उघड करणारे शपथपत्र देणे आवश्यक ठरवले, तसेच पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय राहील असेही सांगितले. या शपथपत्रातील आकडे आणि बँकेचे उतारे, कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेची शुल्कपावती यांतील विसंगती तारखेनिहाय मांडणे हेच पत्नीचे खरे काम असते. उलटतपासातही वाद घालण्याऐवजी एका प्रश्नात एकच वस्तुस्थिती विचारणे हिताचे ठरते. प्रत्येक अर्जाची पोच, रोजनाम्याची नोंद व आदेशाची प्रमाणित प्रत स्वतःजवळ ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. तारखेस गैरहजर राहिल्यास प्रकरण एकतर्फी चालू शकते किंवा अर्ज निकाली निघू शकतो.

सावधगिरीचे स्थान :
सर्वांत मोठा धोका समेटाच्या टेबलावर असतो. कलम १९ नुसार कौटुंबिक न्यायालयाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील करता येते. परंतु उभयतांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. थकलेला पक्षकार 'एकदाचे संपू दे' या भावनेने घरावरील हक्क किंवा कायम पोटगी सोडून सही करतो आणि नंतर परतीची वाट जवळजवळ बंद झालेली असते. म्हणून संपूर्ण प्रकरण स्वतः चालवणाऱ्यानेही संमतीच्या अटींवर सही करण्यापूर्वी त्या विधिज्ञास दाखवणे आवश्यक आहे. त्यासाठी खर्चाची अडचण अनेकांना येऊ नये, अशी तरतूद आहे. 'विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७' च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवेस पात्र आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून हे साहाय्य मिळवता येते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, कायद्याने पक्षकाराला बोलण्याची मुभा दिली, परंतु कागद जुळवण्याचे व अटी पारखण्याचे कौशल्य त्याला आपोआप येत नाही. वकिलाविना उभे राहणे ही समजून केलेली निवड असेल तर ती अधिनियमाच्या हेतूशी सुसंगत ठरते. केवळ अज्ञानामुळे वा पैशाअभावी आलेली अगतिकता असेल, तर समेटाच्या नावाखाली दुर्बल पक्षाचाच हक्क जातो. महाविद्यालयांतील विधी साक्षरतेच्या उपक्रमांत कलम १३ बरोबरच कलम १९ व मोफत विधी सेवेची तरतूदही शिकवली गेली, तर हा फरक अनेकांना वेळेत उमगेल.