तंबाखूची चव कुठं ठरते?



कल्याणकडच्या एका श्रोते बंधूंनी विचारलं आहे, "साहेब, आमची चिलमीतली तंबाखू घसा धरते. मग शहरातल्या पाइपवाल्यांचा धूर गोड कसा?" प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्यात शेतीचा धडा आहे.

पाइपची तंबाखू बहुधा एका जातीची नसते. घरचा मसाला जसा धणे, मिरची, दगडफूल मिळून होतो, तसंच हे मिश्रण असतं. व्हर्जिनिया तंबाखू भट्टीत सुकवतात. आधी मंद उष्णतेनं पान पिवळं पडतं आणि पानातल्या पिष्टाची साखर होते. मग उष्णता वाढवली की ती साखर पानातच टिकते. गोडवा येतो तो इथून. बर्ले तंबाखू सावलीत, वाऱ्यावर कित्येक आठवडे सुकते. तेवढ्यात पान आपली साखर खाऊन टाकतं. ती गोड नसते, पण दुसऱ्याचा वास चटकन उचलते. लताकियाला लाकडाची धुरी दिलेली असते. आपल्या विडी-चिलमीची तंबाखू मात्र उन्हात वाळवलेली, साखर कमी नि निकोटीन जास्त. म्हणून धूर कडक.

जाणकार पारख कशी करतो, ते बघा :

१. चिमूट दाबून सोडतो. ती हळूहळू उकलली तर ओल बरोबर. चुरा झाला तर कोरडी, धूर तापट लागणार. गोळा राहिला तर ओली, वाफेनं जीभ पोळणार.

२. पेटवण्याआधी वास घेतो. बुरशीचा वास लपत नाही.

३. घाई करत नाही. लहान झुरका घेऊन धूर तोंडात घोळवतो. जोरानं ओढलं की चव जळून जाते.

४. पान नीट जळतं की विझतं, ते पाहतो. विझण्याचं कारण पुष्कळदा शेतातच असतं. खारं पाणी किंवा म्युरेट ऑफ पोटॅश दिलं तर पानात क्लोराइड साठतं आणि तंबाखू नीट जळत नाही. पालाश हवं, पण ते सल्फेटच्या रूपात.

म्हणजे चव शेतकऱ्याच्या हातून घडते. भाव मात्र व्यापाऱ्याच्या चिमटीत ठरायचा! १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी महामार्ग रोखला. पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. आपल्या मालाची पारख आपल्यालाच हवी, हे त्यातून शिकावं.

आपल्याकडे भात पिकतो. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही चव आणि वास यांच्या जोरावर. तेव्हा भात विकण्याआधी मूठभर तांदूळ घरी शिजवा, वास घ्या, चाखा, मग भाव बोला.

शेवटी एक सांगायलाच हवं. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी ओठ, जीभ, घसा यांचा कर्करोग होतो. गोड धूरही विषच. तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर दवाखान्यात जाण्यास उशीर करू नका. पारख तंबाखूची शिका, पण चव भाताची घ्या.