चारही चाकांना ओढ असलेली गाडी : माहितीपत्रक वाचूनच बयाणा द्या

वराळे, आंबी, नवलाख उंब्रे या पट्ट्यात कारखाने आले, धंदा वाढला आणि आमच्या व्यापारी बांधवांच्या दारात मोठ्या गाड्या दिसू लागल्या. मावळातला पाऊस आणि लोणावळ्याचा घाट पाहून अनेकजण ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ गाडीच मागतात. त्यासाठी जादा रक्कम मोजावी लागते. ती कशासाठी, हे आधी समजून घेतलेले बरे.

उदाहरण शेजारचेच घेऊ. महिंद्राची ‘एक्सयूव्ही ७००’ ही सात आसनांची गाडी २०२१ साली बाजारात आली. ती चाकणच्या कारखान्यातली. लांबी ४६९५ मिलिमीटर, रुंदी १८९०, दोन आसांमधील अंतर २७५०. डिझेल इंजिन २१८४ सीसीचे. ऑटोमॅटिकच्या वरच्या प्रतींत ताकद १८५ अश्वशक्ती आणि ओढ ४५० न्यूटन-मीटर. चारही चाकांची सोय मात्र फक्त डिझेल ऑटोमॅटिकच्या वरच्या प्रतीतच दिली गेली. म्हणजे ही सोय हवी असेल तर बाकीचा थाटही विकत घ्यावा लागतो.

ही सोय कशी चालते?

अशा गाडीत एरवी पुढचीच चाके गाडी ओढतात. ती घसरू लागली की मधला क्लच आवळला जातो आणि शाफ्टमार्फत मागच्या चाकांनाही ओढ मिळते. सारे आपोआप होते. जुन्या पद्धतीची ‘फोर बाय फोर’ गाडी वेगळी. चाकणचीच २०२२ची ‘स्कॉर्पिओ-एन’ घ्या. तिचा सांगाडा वेगळा, मजबूत असतो आणि फोर बाय फोर प्रतीत लो गिअरही मिळतो. शेतातल्या चिखलातून वा खड्या चढावरून माल न्यायचा असेल तर लो गिअरचीच गाडी कामाची. ओल्या डांबरी रस्त्यावर कुटुंबासह जायचे असेल तर पहिली पुरेशी आहे.

एक गैरसमज मात्र दूर करणे आम्हाला आवश्यक वाटते. चारही चाकांना ओढ असली तरी गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. घाटात उतरताना जीव वाचतो तो चांगल्या टायरमुळे आणि आवरत्या वेगामुळे.

गॅरेजवाल्या बांधवांसाठी

अशा गाडीचे चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत. एक नवा आणि तीन गुळगुळीत असतील तर चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतो आणि क्लच तापत राहतो. बंद पडलेली गाडी दोन चाके जमिनीवर ठेवून ओढू नये, सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. मधल्या भागाचे आणि मागच्या डिफरन्शियलचे तेल कंपनीने सांगितलेलेच वापरावे. यातली एक चूक म्हणजे गिऱ्हाइकाचे मोठे नुकसान आणि आपल्या हातचा विश्वास गेला. जो कारागीर हे काम नीट शिकेल, त्याला या पट्ट्यात काम कमी पडणार नाही.

हिशेब

चार मीटरहून लांब किंवा १५०० सीसीहून मोठ्या डिझेल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. दुकानाच्या नावावर गाडी घेतली तर हा कर परत मिळेल असे काहींना वाटते. तसे नाही. स्वतःच्या वापराच्या अशा प्रवासी गाडीवरील कराचे क्रेडिट व्यापाऱ्याला मिळत नाही. मालवाहू टेम्पोचा नियम वेगळा आहे.

आमचे मत एवढेच : वर्षातले किती दिवस आपण खरोखर चिखलात जातो, ते मोजा. दहा दिवसांच्या चिखलासाठी व्याजाचे ओझे डोक्यावर घेणे शहाणपणाचे नाही आणि शेजाऱ्याला दाखवण्यासाठी घेतलेली गाडी हा इसराफच. गरज असेल तर जरूर घ्या. नसेल तर त्याच पैशातून चार चांगले टायर घ्या आणि उरलेली रक्कम धंद्यात घाला.