उत्सवी संसाराचा जमाखर्च

मराठी मध्यमवर्गीय घराच्या वार्षिक अंदाजपत्रकात पूर्वी तीन कलमे अशी असत की, ती गाळली असती तर कोणी उपाशी राहिले नसते, परंतु वर्ष पार पडले असे मात्र कोणास वाटले नसते: सणाची आरास, उत्सवाची वर्गणी आणि सुट्टीतला गावचा प्रवास. या तिहींपैकी एकासाठीही हाताशी फाजील पैसा नसे. तरीही तिन्ही गोष्टी दरसाल यथासांग पार पडत, आणि त्या कशा पार पडत याचा शोध घेऊ लागले असता असे दिसते की, त्यांच्या मुळाशी श्रीमंती नसून हातांची कसबगिरी, शेजाऱ्यांचा सहभाग आणि चोख हिशेब एवढेच भांडवल होते. आमचे आजोबा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील देवगड तालुक्यातून मुंबईस गोदीत कारकून म्हणून आले, गिरगावातील एका चाळीत बिऱ्हाड करून राहिले, आणि पुढे आमचे वडील, ज्यांना आम्ही मुलेच काय पण सारी चाळ अण्णा म्हणत असे, त्या चाळीच्या उत्सव मंडळाचे खजिनदार झाले. त्यामुळे या भांडवलाची उलाढाल जवळून पाहण्याचा योग आम्हांस आपोआप आला.

आरंभ आरासीपासून करणे उचित होय. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि लोकमान्य टिळकांनी त्यास चळवळीचे अधिष्ठान दिल्यावर चाळीचाळीतून मंडप उभे राहू लागले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु त्या मंडपांची शोभा ज्या सामग्रीतून निर्माण होई तिची नोंद इतिहासात क्वचितच आढळते. बांबूच्या कामट्या, सुतळी, घोटीव कागद, क्रेप कागद, बेगड, जुनी लुगडी आणि घरी शिजवलेली खळ, यांपलीकडे विकतचे किंवा उसने असे फारसे काही नसे. खळ शिजविण्याचा मान आमच्या आईकडे होता. मैदा थंड पाण्यात गुठळी राहणार नाही असा कालवावयाचा, मंद विस्तवावर एकाच दिशेने ढवळीत त्यास पारदर्शक झाक येईतो आटवावयाचा, आणि उतरविण्यापूर्वी त्यात चिमूटभर मोरचूद टाकावयाचे, म्हणजे झुरळे कागदास तोंड लावीत नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्यास वर्षभर स्वयंपाकघरात प्रवेश नसे; ते न्हाणीच्या फळीवर पालथे पडलेले असे, आणि ते खाली उतरले की श्रावण सरत आला हे आम्हांस पंचांगावाचून कळे.

कामट्या सोलण्याचे आणि सांगाडा बांधण्याचे काम चाळीतील थोरल्या मुलांचे, कागद कातरण्याचे काम मुलींचे, आणि चुकलेले सुधारण्याचे काम निवृत्त झालेल्या एखाद्या ड्रॉइंग मास्तरांचे, अशी विभागणी कोणी लिहून न देताही ठरलेली असे. मखराचे खांब, कमान आणि महिरप आधी जमिनीवर आडवी करून जुळवीत, आणि मगच उभी करीत. विजेच्या दिव्यांची माळ आली तेव्हा नवलाई वाढली, तशी आपत्तीही वाढली. कारण त्या माळेतील एक दिवा गेला की सगळी माळ विझे, आणि आरती ताटात तयार असताना कोणीतरी शिडीवर चढून एकेक दिवा काढून पाहात बसे. दिवाळीत हेच हात आकाशकंदिलाकडे वळत. षट्कोनी सांगाडा, त्यावर पतंगी कागद, खाली झिरमिळ्या, भोवती त्याच घाटाची लहान लहान पिल्ले, आणि अंगणाच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला, ज्याच्या उतारावर हळीव पेरून वसुबारसेपर्यंत हिरवळ उगवावी म्हणून मुले दिवसातून अनेकदा पाणी शिंपीत.

शहरातील या कागदी वैभवाची खरी जननी मात्र गावाकडची माटवी होती, असे आम्हांस वाटते. आमच्या गावी गणपतीच्या आसनावर लाकडी चौकट छताला टांगलेली असे, आणि तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, तवशी, कवंडळे आणि त्या ऋतूत रानात जे जे फळते-फुलते ते बांधीत. गोमंतकात हिलाच माटोळी म्हणतात. तिच्यासाठी दमडीही खर्च होत नसे. पण कवंडळ कोणत्या परड्याच्या कुंपणावर चढलेले असते याचे ज्ञान लागे, आणि ते ज्ञान आजी नातवंडांस रानात हिंडवून देत असे. पुढे शहरात थर्मोकोल आला. त्याची तयार मखरे दुकानांतून मिळू लागली, आणि काही वर्षांतच कामट्या सोलणारे हात दुर्मिळ झाले. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लॅस्टिकबरोबर थर्मोकोलच्या वस्तूंवरही बंदी घातली, तेव्हा कागद, कापड, वेत यांच्याकडे पुन्हा वळणाऱ्यांस प्रथम आठवण झाली ती हे काम येणाऱ्या वृद्धांची.

आता वर्गणी. तिच्याविषयी हल्ली नापसंतीच्या सुरात बोलण्याचा प्रघात पडला आहे, आणि त्यास सबळ कारणेही आहेत. तथापि महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग थेंबथेंब जमविलेल्या पैशावर उभा राहिला, याचे विस्मरण होता कामा नये. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवाविवाहाचे आणि स्त्रीशिक्षणाचे महत्कार्य हाती घेण्याआधी आपल्या मुरूड गावासाठी ‘मुरूड फंड’ उभारला होता. परगावी चाकरीस गेलेल्यांनी मिळकतीतील वाटा गावाच्या हितास द्यावा, ही त्यामागील कल्पना. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून ‘पैसा फंड’ चालविला, आणि त्यातून तळेगावास काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेस खेड्यातील बायांनी जात्यावर बसताना मूठमूठ धान्य बाजूला काढून दिले. आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन केलेला ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग हाही टिळक स्वराज्य फंडासाठीच होता. दाता लहान असो वा मोठा, त्याच्या नावे पावती फाडली जाई, आणि त्यामुळे दिलेला पैसा भिक्षा न ठरता भागीदारी ठरे.

आमच्या चाळीचा कारभार अर्थात यापुढे नगण्य होता, परंतु त्याचे नियम तितकेच कडक होते. अण्णा कचेरीतून आल्यावर चहा घेऊन, टोपी न उतरवता, पावतीपुस्तक बगलेत मारून निघत. एकट्याने जाण्याची परवानगी त्यांनी स्वतःलाही दिलेली नव्हती, चिटणीस किंवा दुसरा एखादा सभासद संगतीस असेच.

“काकू, यंदा आठ आणेच लिहू ना?”

“लिहा हो अण्णा. पण आधी पावती फाडा, मग पैसे. गेल्या खेपेस आमच्या ह्यांचं नाव अहवालात राहिलं होतं.”

आठ आणे देणाऱ्याचे आणि पाच रुपये देणाऱ्याचे नाव अहवालात एकाच आकाराच्या अक्षरांत छापले जाई, आणि ज्याची त्या वर्षी नोकरी गेलेली असे त्याच्या दारावरून अण्णा पावतीपुस्तक न उघडता, केवळ प्रकृतीची विचारपूस करून पुढे जात. त्याच्या नावापुढे ‘बाकी’ असा शेरा कधी पडत नसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, तेव्हा त्या वर्षीच्या उत्सवात खजिनदारांपुढे निराळाच पेच उभा राहिला. आठ आण्यांचे पन्नास नवे पैसे सरळ होत. पण दोन आण्यांचे साडेबारा नवे पैसे होतात आणि अर्ध्या पैशाचे नाणे नाही, तेव्हा देणाऱ्याच्या नावे बारा जमा करावे की तेरा? अण्णांनी सर्वांच्या नावे बाराच लिहिले आणि वरकड म्हणून जे पैसे हाती आले ते ‘किरकोळ जमा’ असे निराळे खाते उघडून त्यात दाखविले. ते खाते किर्दीत अद्याप वाचता येते.

विसर्जनानंतरच्या रविवारी हिशेबाचा कागद जिन्याखालच्या फळ्यावर लागे. सुतळी, खिळे, कापूर, लाउडस्पीकरचे भाडे, व्याख्यात्यांचा टांगा, प्रसादाची साखर, सर्व कलमे ओळीने, आणि तळाशी हिशेबतपासनिसाची सही. १९६१ च्या १२ जुलैस पानशेतचे धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला, त्या सालच्या कागदावर आरासीचे कलम अगदीच तोकडे आहे आणि त्याखाली ‘पूरग्रस्तांस मदत’ असे नवे कलम आहे. आदल्या वर्षीचेच खांब पुन्हा रंगवून वापरले गेले, आणि देवापुढे शोभा कमी पडली अशी तक्रार कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वर्गणी गोळा करण्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची अनुमती घ्यावी, हिशेब ठेवावा, ही बंधने १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली आजही आहेत. परंतु जिन्याखालचा फळा हा त्या काळी कोणत्याही कायद्याहून अधिक कडक अंमलदार होता, कारण जाता-येता तो वाचणाऱ्या प्रत्येकाने स्वतःची पावती जपून ठेवलेली असे.

तिसरे कलम प्रवासाचे. त्याचा पैसा बायकांच्या भिशीतून उभा राही. कोणाच्या घरची भिशी वैशाखात लागावी याविषयी माघापासूनच खलबते चालत, आणि ज्यांना गावी जावयाचे त्यांना आधी द्यावी असा समजूतदारपणा बहुधा दाखविला जाई. मे महिन्यात जावयाचे ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. पत्र्याची ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्या, गुळपापडीच्या वड्या आणि बोट लागू नये म्हणून आवळकाठी, एवढा सरंजाम घेऊन खालच्या डेकवर जागा धरावयाची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, अशी बंदरे मागे पडत. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्यास न लागता समुद्रातच उभी राही, खालून पडाव येत, आणि लाटेबरोबर पडाव वर उचलला जाई त्या नेमक्या क्षणी खलाशी माणसास दंडाला धरून खाली घेत. लहान मुलांना तर सामानाप्रमाणे या हातातून त्या हातात देत. आजी मात्र बोटीत बसल्यापासून उतरेतो जप करीत असे, कारण १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली, त्यांत तिच्या ओळखीचे एक कुटुंब होते.

पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या बोटी बंद, म्हणून गणपतीस जावयाचे ते एस.टी.नेच. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि पुढे कोकणातील चाकरमान्यांचा सारा भार त्याच लाल गाड्यांनी वाहिला. कशेडीचा घाट, परशुरामचा घाट, मुसळधार पाऊस, खिडकीच्या फटीतून गळणारे पाणी, आणि पहाटे नांदगाव तिठ्यावर उतरून देवगडच्या गाडीची वाट पाहणे, हा क्रम ठरलेला होता. टपावर बांधलेल्या सामानात चाळीत उरलेला क्रेप कागद आणि बेगड न चुकता असे, कारण गावच्या माटवीखाली कागदी झालर लावण्याची फर्माईश चुलतभावंडांकडून आलेली असे; आणि परतताना त्याच ट्रंकेतून शेजाऱ्यांसाठी नारळ, कोकमे आणि कुळथाचे पीठ येई. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि रात्रभराचा तो खडतर प्रवास पुष्कळच सुकर झाला. तो पूर्वीप्रमाणे खडतर राहावा असे म्हणणारा मनुष्य त्या घाटातून कधी गेलेला नसावा.

गेले ते सर्व चांगले होते असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. चाळीतील एका खोलीत आठ-दहा माणसे राहात, वर्गणीवरून भांडणे होत, आणि आरासीच्या कौतुकात बायकांच्या श्रमाचा उल्लेख अहवालात कधी येत नसे; आमच्या आईने वर्षानुवर्षे शिजविलेली खळ जमाखर्चात कोठेही नाही. तथापि आनंद हा सर्वांनी मिळून उभारावयाचा असतो आणि त्याचा हिशेब सर्वांस द्यावयाचा असतो, ही त्या काळाची शिस्त आजच्या लक्षावधींच्या उत्सवांनी उचलण्यासारखी खास आहे.

म्हणून वाचकांस दोन गोष्टींची विनंती करावीशी वाटते. दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर जुन्या पावत्यांच्या स्थळप्रती, मंडळाचे अहवाल, सहलीच्या खर्चाच्या वह्या सापडल्या, तर त्या रद्दीत घालू नयेत. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे त्या सोपवाव्यात, कारण सामान्य माणसांच्या इतिहासाची कागदपत्रे ती हीच. आणि आपण ज्या मंडळास वर्गणी देता, त्याच्या कार्यकर्त्यांस पावती अवश्य मागावी, आणि उत्सव संपल्यावर हिशेबाचा कागद कोठे लावला आहे, तेही विचारावे.