नाव गोव्याचे, वाद्य कोणाचे?

पेडणे तालुक्यातील धारगळ हे गाव 2024 च्या डिसेंबरात जेवढे चर्चेत आले, तेवढे ते पूर्वी क्वचितच आले असेल. 2007 साली कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला आणि मध्यंतरी तीन वर्षे पुण्यास जाऊन आलेला ‘सनबर्न’ हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव त्या महिन्याच्या 28 ते 30 तारखांस धारगळास भरला. गावात दोन तट पडले, पंचायतीत खडाजंगी झाली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढील वर्षी महोत्सवाने मुंबईची वाट धरली आणि वादही निवला. आवाज किती, रहदारी किती, मद्य किती, याचा हिशेब त्या वेळी झाला व तो व्हायलाच हवा होता. परंतु ज्या संगीतासाठी हा सारा खटाटोप, त्या संगीताविषयी बाजूने वा विरोधाने बोललेला एखादा शब्दही आमच्या कानी फारसा आला नाही.

बोलण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. जगाच्या बाजारात ‘गोवा ट्रान्स’ या नावाचा एक संगीतप्रकारच आहे. हणजूण, वागातोर, हरमल येथील वाळूवर परदेशी भटक्यांनी 1980 नंतरच्या दशकात तो घडविला. उन्हाने तबकड्या वाकत, म्हणून ही मंडळी कॅसेटी वापरीत. निरनिराळ्या यंत्रसंगीताचे तुकडे जोडून रात्रभर नाच चाले. मिनिटाला सुमारे 140 ते 150 ठोके, त्यांत खंड नाही, सम दाखविण्याची घाई नाही. 1992 साली भारत व इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि सक्तीची लष्करी सेवा संपवून बाहेर पडलेली इस्रायली तरुण मुले मोठ्या संख्येने गोव्याच्या किनाऱ्यांवर येऊ लागली. परतताना ती हा नाद बरोबर घेऊन गेली.

त्या नादाच्या वातावरणात हैफा शहरातील एरेझ आयझेन व अमित दुवदेवानी ही जोडी वाढली. ‘इन्फेक्टेड मशरूम’ असे काहीसे विचित्र नाव तिने घेतले. नावावरून कोणी फसू नये. दोघांनीही बालपणी पियानोवर पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रीतसर धडे गिरविले होते. 1999 साली त्यांचा पहिला अल्बम निघाला. पाठोपाठ 2000 साली आलेल्या दुसऱ्याचे नावच मुळी ‘क्लासिकल मशरूम’. तालमीचा अभिमान लपविण्याची त्यांना गरज वाटली नाही. पुढे ही जोडी अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेली, आणि 2007 च्या ‘व्हिशस डिलिशस’पर्यंत तिच्या ट्रान्समध्ये रॉक संगीत उघडउघड मिसळले होते. जुन्या चाहत्यांपैकी काहींनी नाके मुरडली. घराण्याच्या गवयाने ठुमरी घेतली की आपल्याकडेही हेच होते!

त्यांच्या प्रत्यक्ष प्रयोगाची गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. यंत्राची कळ दाबून हात वर करणारे पुष्कळ आहेत. या दोघांनी रंगमंचावर गिटारवादक घेतला, ड्रमवादक घेतला. एक जण स्वतः गातो, दुसरा कळपट्ट्यांवर बसतो. यंत्राने ताल सोडायचा नाही आणि माणसाने त्या तालावर स्वार होऊन खेळायचे, असा तो मामला. हे संगीत सर्वांस रुचेल असे नाही. आमच्या कानांसही ते तासाभरापलीकडे जड जाते. पण त्यामागे मेहनत नाही, असे कोणी म्हणू नये.

आता डिचोलीकडे वळू. चवथीच्या दिवसांत या तालुक्यातील कोणत्याही वाड्यावर उभे राहावे. घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या मेळातून सुवारी उठते. संथ लयीत सुरू झालेले वादन चढत जाते, आणि मांडवात बसलेल्या म्हाताऱ्यांच्याही माना आपोआप डोलू लागतात. लयीच्या पुनरावृत्तीने भान हरपणे ही काही हैफाची मिरास नव्हे. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आली, तेव्हा आमच्या वादकांनी बकऱ्याचे कातडे मढविले. आवाज थोडा बदलला, वादन थांबले नाही. 2019 साली सरकारने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. मान्यतेचा कागद झाला; बिदागीचे काय?

आमचा आक्षेप आहे तो येथे. गोव्याचे नाव लावून परक्यांनी पंचवीस-तीस वर्षांच्या कारकिर्दी उभ्या केल्या, याबद्दल त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. नाव रस्त्यावर पडले होते, त्यांनी उचलले. परंतु आपल्याच भूमीवर असा महोत्सव भरतो, तेव्हा पेडण्याच्या वाट्यास केवळ जमिनीचे भाडे आणि वाहनतळ येणार असेल, तर तो व्यवहार आतबट्ट्याचा आहे. परवानगीच्या अटींत ध्वनीची मर्यादा घालता येते, तशीच स्थानिक वादकांस पूर्ण मोबदल्याने मुख्य मंचावर वेळ देण्याची अट का घालता येऊ नये? उद्घाटनाला फेटे बांधून पाच मिनिटे घुमट बडवून घेणे आम्हांस अभिप्रेत नाही. साखळीच्या रवींद्र भवनात ध्वनिमुद्रणाची साधने आणि ती हाताळण्याचे शिक्षण मिळाले, तर मये-नार्वेची मुले आपली सुवारी आपणच यंत्रावर चढवतील.

राहिला रात्री दहाचा नियम. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धकास बंदी आहे. वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे. दशावतारी नाटक रात्र चढल्यावर रंगते, हे पेडणेकरांस सांगावयास नको. जत्रेतील संकासुराला ध्वनिवर्धक बंद करावयास सांगणारा पोलीस आणि किनाऱ्यावरील पार्टीच्या दारात उभा राहणारा पोलीस यांच्या हातांतील घड्याळे एकच वेळ दाखवितात काय, एवढे सरकारने येत्या जत्रांच्या हंगामापूर्वी तपासून सांगावे.