व्हॉयेजर १ : सर्वात लांबचं डीबगिंग

मागच्या भागात आपण गॅलिलिओ आणि गुरूच्या चंद्रांवर बोललो. आजची गोष्ट माझ्या धंद्यातली आहे, म्हणजे बग फिक्सिंगची.

मध्यंतरी माझ्या चुकीमुळे रात्री दोन वाजता आमचा सर्व्हर झोपला. जुनं व्हर्जन परत टाकलं, पाच मिनिटांत सगळं चालू. तरी माझे हात थरथरत होते. आता विचार करा, हाच सर्व्हर २,४०० कोटी किलोमीटरवर असता तर?

व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. १९७९ मध्ये गुरू, १९८० मध्ये शनी, आणि २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून थेट ताऱ्यांमधल्या अवकाशात. तिथली खबर देणारं ते पहिलंच यान. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ते बरळायला लागलं. सिग्नल येत होता, पण त्यात माहितीच नाही, एक आणि शून्याचा तोच तो पॅटर्न.

यानावर एफडीएस नावाचा कॉम्प्युटर आहे. सगळी माहिती गोळा करून तिचं पॅकेट बांधणं हे त्याचं काम. गडबड तिथेच असणार, पण नेमकी कुठे? मार्च २०२४ मध्ये नासाच्या टीमने त्याला एक कमांड देऊन जरा डिवचलं. उत्तरात त्याने आपली अख्खी मेमरी पाठवून दिली. ती जुन्या, चांगल्या मेमरीशी ताडून पाहिली तर सुमारे ३ टक्के भाग बिघडलेला. एक चिप गेली होती, आणि त्या चिपवर कोड होता.

चिप बदलायला कोण जाणार? मग कोडच हलवायचा. पण तो एकसंध मावेल इतकी मोकळी जागा कुठेच नव्हती. म्हणून त्याचे तुकडे केले, ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवले, आणि या तुकड्याकडे जाणारे जुने पत्ते सगळीकडे बदलले. संदर्भाला काय, तर कित्येक दशकांपूर्वीची कागदपत्रं!

१८ एप्रिलला पहिला तुकडा पाठवला. सिग्नल पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे एंटर दाबा आणि जवळजवळ दोन दिवस वाट बघा. २० एप्रिलला उत्तर आलं. पाच महिन्यांनी यान शुद्धीवर आलं होतं.

या यानावर एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात मराठीतून केलेला नमस्कार आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवीसुद्धा. कॉम्प्युटर कायमचा बंद पडला असता तरी ती तबकडी पुढे जातच राहिली असती. फक्त पुढे काय दिसतंय, ते सांगणारं कुणी उरलं नसतं.

यानाची वीज दरवर्षी सुमारे ४ वॅटने कमी होतेय, त्यामुळे एक दिवस ते गप्प होणारच. पण तेव्हा नाही झालं, कारण कुणीतरी ४६ वर्षं जुना कोड नीट बसून वाचला.

तेव्हा जुना कोड बघून नाक मुरडू नका, मीपण सोडलंय. भेटू पुढच्या भागात!