‘हे राम’ आणि साक्षीपुरावा

३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास दिल्लीतील बिर्ला भवनात तीन गोळ्या सुटल्या आणि प्रार्थनेस निघालेले गांधीजी कोसळले. त्या कोणी झाडल्या याविषयी वाद नाही. मारेकऱ्याने न्यायालयात ते कबूल केले. वाद उरला तो अखेरच्या शब्दांचा. राजघाटावर कोरलेले ‘हे राम’ गांधीजींनी खरोखरच उच्चारले होते काय?

मनू गांधी त्यांच्या अगदी लगत होत्या. त्यांनी ‘हे राम’ अशी नोंद केली. गुरुबचन सिंग यांनी न्यायालयात ‘हाय राम’ ऐकल्याचे सांगितले. प्यारेलाल यांच्या चरित्रग्रंथात ‘राम, राम’ असे शब्द येतात. उलट गोपाळ गोडसे यांनी हे सारेच नाकारले. परंतु त्या दिवशी ते तेथे नव्हते. गांधीजींचे सचिव व्ही. कल्याणम मात्र जवळ होते. गांधीजी तसे बोललेच नाहीत, असे विधान २००६ मध्ये त्यांच्या नावावर प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये त्यांनी खुलासा केला, की आपल्याला गोंधळात काही ऐकू आले नाही, एवढेच आपले म्हणणे होते.

या खुलाशातच साक्षीशास्त्राचा पहिला धडा आहे. ‘ऐकले नाही’ आणि ‘बोलले नाहीत’ ही दोन भिन्न विधाने होत. साक्षी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. किंबहुना क्षणार्धाच्या प्रसंगाचे वर्णन सर्वांनी एकाच शब्दांत केले, तरच संशय घ्यावा. तथापि साक्षी नुसत्या मोजूनही भागत नाही. एकाचे ऐकून दुसऱ्याने सांगितले असेल, तर साक्षीदार दोन आणि पुरावा एकच.

खरा आक्षेप वेगळाच आहे. छातीवर गोळी झेलताना मुखी रामनाम असेल तरच मला महात्मा म्हणा, असे गांधीजींनी आदल्या रात्री मनूला सांगितल्याची नोंद तिचीच आहे. मनुष्य अपेक्षेनुसार ऐकतो. स्मृती घटना जशीच्या तशी साठवीत नाही, ती पुन्हा रचते, हे बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखविले होते. म्हणून मनूची साक्ष प्रामाणिक मानूनही ती निर्णायक मानता येत नाही. परंतु जन्मभर रामनाम घेणाऱ्याच्या तोंडी अंतकाळी तेच येणे अस्वाभाविकही नव्हे.

तेव्हा तो उच्चार संभाव्य आहे, निःसंशय सिद्ध नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. गांधीजींची थोरवी मात्र त्या दोन शब्दांवर टांगलेली नाही. २० जानेवारीला प्रार्थनास्थळी स्फोट झाल्यावरही येणाऱ्यांची झडती घेण्यास त्यांनी नकार दिला. मृत्यू दारात आलेला दिसत असताना ते रोज त्याच वाटेने प्रार्थनेला जात राहिले. याला साक्षीदार शेकडो आहेत आणि त्यांच्यात मतभेद नाही.