टाचणीवरच्या माशीची साक्ष

"डॉक्टर, पूर्वी फवारणी झाली की डास पळायचे. आता काहीच फरक पडत नाही. औषधात भेसळ असते का?" असे मला दर पावसाळ्यात विचारले जाते. भेसळ कुठे असेलही. पण पुष्कळदा कारण निराळे असते. डासच औषधाला दाद देत नाहीत. पुष्कळांना वाटते, माऱ्याने डासांना औषधाची 'सवय' होते. हा समज बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातील वाळलेल्या माश्यांनी त्याविरुद्ध साक्ष दिली आहे.

तेथे मेंढ्यांच्या अंगावर अंडी घालणारी, धातूसारखी चमकणारी एक माशी आहे. तिच्या अळ्या जिवंत मेंढीचे मांस खातात. १९५०च्या सुमारास तिच्यावर मॅलॅथिऑन, डायझिनॉन या गटातील औषधे आली आणि लवकरच काही माश्या त्यांना पुरून उरल्या. इतक्या लवकर हे कसे घडले? उत्तरासाठी औषध येण्यापूर्वीच्या माश्या हव्या होत्या. त्या कीटकसंग्रहात टाचणीला टोचून ठेवलेल्या होत्या.

पण जुन्या माशीतून माहिती काढणे सोपे नाही. डीएनए म्हणजे प्रत्येक पेशीतला, चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. जीव मेला की त्याची दुरुस्ती थांबते. पेशीतीलच पाचक द्रव्ये, ओलावा, हवा आणि जंतू त्याचे तुकडे करतात. काही अक्षरेही बिघडतात. 'सी'च्या जागी 'टी' वाचले जाते. कसर लागलेल्या, शाई पुसट झालेल्या पोथीसारखी ही अवस्था असते. मात्र माशी लहान असल्याने लवकर वाळते आणि नासणे मंदावते. म्हणून अनेक दशकांनंतरही लहान तुकडे शिल्लक राहतात.

अशा कामात बहुतेक वेळा अख्खा कीटक कुटावा लागत नाही. एखादा पाय प्रथिने विरघळवणाऱ्या द्रावणात ठेवला तरी डीएनए त्यात उतरतो. मग पीसीआर पद्धतीने हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात. हे नाव २०२०च्या कोविड साथीत घरोघरी पोचले. लांब तुकडा मागितला तर हाती काही लागत नाही. लहानच मागावा लागतो. मोठी भीती भेसळीची. आजच्या माशीचा कण पडला तर प्रती त्याच्याच निघतील! म्हणून स्वतंत्र खोली आणि हातमोजे लागतात. सोबत माशी न घातलेली कोरी नळीही तपासतात. तीत काही आढळले तर तो निकाल बाद. आता तर सगळे लहान तुकडे वाचून संगणकावर जुळवता येतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील जुन्या डासांवरही असे काम झाले आहे.

मेंढ्यांवरील माशीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. औषध येण्याआधीच्या काही माश्यांत मॅलॅथिऑनला तोंड देणारा जनुकीय बदल अगोदरच होता! डायझिनॉनला तोंड देणारा बदल मात्र तपासलेल्या एकाही जुन्या माशीत सापडला नाही. याचा अर्थ, मॅलॅथिऑनच्या बाबतीत औषधाने नवी शक्ती दिली नाही. साध्या माश्या मेल्या, मूठभर चिवट होत्या त्या उरल्या आणि पुढची पिढी त्यांचीच झाली.

डासांनाही हाच नियम लागू आहे. भारतात १९५३ साली हिवतापाविरुद्ध डीडीटी फवारणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९६१ साली रुग्ण सुमारे पन्नास हजारांवर आले. १९७६ साली ते चौसष्ट लाखांवर गेले. कारणे अनेक होती. दाद न देणारे डास हे त्यांतले एक.

तेव्हा केवळ फवाऱ्यावर विसंबू नका. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. रांजण, पिंप, कूलर रिकामे करून घासा, कारण डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. टाकीला झाकण व शौचालयाच्या व्हेंट पाइपला जाळी लावा. मच्छरदाणी वापरा. आपल्याच मनाने औषधाची मात्रा वाढवू नका. त्याने चिवट डास मरतीलच असे नाही, घरातल्या लेकरांना मात्र त्रास होईल. पाणी साचू दिले नाही तर चिवट आणि साधा, दोन्ही डास जन्मालाच येणार नाहीत.